पाचवी असलेलं गाव

घर उतरवायला भिमाजीला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी त्यानं कौलं काढली. तो आढ्यावर मांडी टाकून बसायचा, एकेक कौल सोडवून खाली द्यायचा आणि त्याची बायको शालन ते झेलून भिंतीकडेला उभं रचायची. वैशाखाचं ऊन, त्यात कौलांखाली साठलेली जुनी काजळी. संध्याकाळपर्यंत दोघांचे डोळे आणि दात तेवढे ओळखू येत होते. दुसऱ्या दिवशी रिपा निघाल्या, तिसऱ्या दिवशी वासे. आढं मात्र दोघांना हलेना. त्याला भाऊकीतले चार गडी लागणार होते.

भिमाजीची आई अंबुबाई छप्पर गेलेल्या घरात चुलीपाशीच बसून होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, तिला उजेड-अंधार कळायचा, माणूस आवाजावरून कळायचा. वरून ऊन सरळ तिच्या डोक्यावर पडत होतं.

"भिमा, आभाळ उघडं पडलं व्हय रं?"

"व्हय आये. उठ आता. सावलीला बस."

"भाकरी हुस्तवर बसते," असं म्हणून तिनं चाचपत परातीतलं पीठ जवळ ओढलं.

सरकारला तिथं कारखाना काढायचा होता. आकुर्डीच्या अलीकडच्या त्या वस्तीतली दहाही घरं आणि भोवतालची रानं त्यात गेली होती. मोबदला भाऊकीनं एकत्र केला आणि भिमाजीचे चुलते यशवंतराव यांनी इंद्रायणीपलीकडं, महाळुंग्याच्या अंगाला एक माळ बघून सगळ्यांसाठी घेतला. जमीन हलकी, नांगर लावला की खडक वाजायचा. पण माळ सलग होता, दहा घरं शेजारी शेजारी बसणार होती आणि मोडलेल्या घरांचं लाकूड तिथं कामाला येणार होतं.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर यशवंतराव आले. अंगणातल्या वाशांवर बसत म्हणाले, "भिमा, परवा गाड्या हाकायच्या. तुझ्या लाकडाला दोन गाड्या पुरत्याल."

भिमाजीनं हातातली पहार भिंतीला टेकवली आणि बायकोकडं बघितलं.

शालननं पदर डोक्यावर ओढला. ती आडोशाला उभी राहून बोलली, पण आवाज खाली नव्हता. "नाना, लाकूड न्या. आमी न्हाई येत. आमी चिंचवडात जागा बघितलीया."

"हे कवा ठरलं?" यशवंतरावांनी भिमाजीला विचारलं.

"तसं ठरलं न्हाई अजून," भिमाजी म्हणाला.

"ठरलंय," शालन म्हणाली.

ठरलं होतं ते लेकीमुळं, नदीचंच नाव ठेवलेल्या इंद्रायणीमुळं. इंदी त्यांची थोरली, अकरा वर्षांची. तिच्या पाठची दोन पोरं गेली होती, मग सहा महिन्यांचा दत्तू. इंदी आकुर्डीच्या शाळेत चौथी पास झाली होती, पहिली आली होती. पण शालनच्या मनात भरलं ते त्या नंबरानं नव्हे. माघात सरकारची नोटीस आली तेव्हा शिपायानं सगळ्यांना तोंडी सांगितलं होतं की ज्येष्ठ सरेपर्यंत मुदत आहे. कागद यशवंतरावांच्या खिशात पडून होता. इंदीनं तो सहज वाचायला मागितला आणि म्हणाली, "नाना, हितं वैशाखाची तारीख हाय." तलाठ्याला दाखवलं तर पोरीचंच खरं निघालं. दहा घरांचं सामान उघड्यावर पडायचं ते वाचलं. त्या रात्रीपासून शालन, जिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, पोरीकडं वेगळ्याच नजरेनं बघू लागली होती.

चैत्रात सगळ्या बायका माळ बघायला गेल्या तेव्हा शालन शाळा बघून आली. भैरोबाच्या देवळाची ओवरी हीच शाळा. पहिली ते चौथी एकाच ओवरीत, चारी वर्गांना मिळून एक मास्तर, आणि त्या दिवशी तेही नव्हते. ओवरीत दोन शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या. फळ्यावर एक वजाबाकी अर्धी सोडलेली होती. बाहेर खेळणाऱ्या पोरांना तिनं विचारलं, तर ती म्हणाली, "मास्तर बुधवारी येत्यात." पाचवी तिथं नव्हतीच. पाचवी चाकणला, पाच मैलांवर, मध्ये ओढा आणि सगळं ओसाड रान.

मग ती इंदीला घेऊन चिंचवडला गेली. जुन्या घरापासून चिंचवड दोन मैल. तिथं सातवीपर्यंत शाळा, वर्गाला एकेक मास्तर. हेडमास्तरांनी इंदीच्या हातात पुस्तक दिलं. तिनं न अडखळता वाचलं. मग भिंतीवरच्या नकाशाकडं बोट करून ते म्हणाले, "पुणं दाखव." इंदीनं नकाशा कधी बघितलेला नव्हता. ती जवळ गेली, अक्षरं वाचत वाचत वरून खाली आली आणि बोट टेकवलं.

"हिला जूनमध्ये आणा," हेडमास्तर म्हणाले. "पण राहणार कुठं? नदीपलीकडून येणारी पोरं पावसाळ्यात घरीच बसतात. मला हजेरी पाहिजे."

हे सगळं शालननं यशवंतरावांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "पोरगी हुशार हाय, ते मला म्हाईत हाय. पन पोरीच्या पाचवीपायी घरदार सोडायचं?"

"घरदार तर सरकारनंच सोडवलंय, नाना."

यशवंतरावांनी मांडीवरची काजळी झटकली. शेवटी उठताना भिमाजीला म्हणाले, "तुझा वाटा मी कसतो. बैलं माझ्याकडं ऱ्हाऊ देत. लाकूड माळावर एका बाजूला रचून ठेवतो. कुजायच्या आत ये म्हंजे झालं."

"एक वरीस बघतो," भिमाजी म्हणाला.

ठरल्या दिवशी गाड्या गेल्या. बैलांना नव्या धन्याची सवय नव्हती, ते वळणावर थांबून मागं बघू लागले. भिमाजी पुढं होऊन त्यांच्या पाठीवर थाप मारून आला.

*

चिंचवडातली जागा म्हणजे कौशल्याबाईंच्या घरामागची पडवी. कौशल्याबाई विधवा, पन्नाशीच्या, घर स्वतःचं. पडवीत पूर्वी सरपण असायचं. आतल्या भिंतीला माणूस उभं राहू शकत होतं, बाहेरच्या अंगाला छप्पर इतकं खाली आलं होतं की शालनलाही वाकावं लागे. चौघं एका ओळीत निजली की अंबुबाईला त्यांच्या पायथ्याशी आडवं पडावं लागे. पहिल्याच दिवशी ती वाशाला दोनदा कपाळ आपटून घेऊन खाली बसली.

"मानसानं वाकूनच जगायचं का रं इथं?" तिनं विचारलं.

कौशल्याबाईंनी नियम सांगितले. आडाचं पाणी घरमालकिणीचं भरून झाल्यावर चार हंडे. चूल पडवीबाहेर, कारण धूर घरात येतो. गोवऱ्या थापायच्या नाहीत. म्हातारीनं ओट्यावर बसून तंबाखू थुंकायची नाही. बोलणं कडक होतं, पण बाई मनानं अगदीच वाईट नव्हती. आषाढात दत्तूला खोकला झाला तेव्हा तिनं स्वतः काढा करून दिला आणि "पोराचं अंग उघडं टाकू नको गं," असं शालनला दोनदा बजावलं. घरात तिचा भाऊ होता, मारुतराव. पस्तिशीचा, बायको माहेरी गेलेली. कुठल्याशा पेढीवर आहे म्हणायचा, पण दिवसाचा बराचसा वेळ अंगणातल्या आरामखुर्चीत असायचा.

भिमाजी कारखान्याच्या कामावर पाया खणायला जाऊ लागला. ज्या रानात त्यानं सतरा वर्षं ज्वारी पेरली होती तिथंच मुकादम त्याला दोरी लावून देई आणि तो कुदळ मारी. पहिल्या दिवशी तो घरी आला तेव्हा जेवता जेवता म्हणाला, "बांधावरली बोर तोडली." एवढंच. मग पुढं तो रानाचं काही सांगेनासा झाला. मुकादम त्याच्याहून दहा वर्षांनी लहान होता आणि सगळ्यांना 'ए' म्हणून हाक मारायचा.

पावसात बाहेरची चूल पेटायची नाही. शालन पाठीवर पोतं घेऊन चुलीवर ओणवी व्हायची, स्वतःच्या अंगाचा आडोसा करून भाकरी भाजायची. बहिर्दिशेला बायकांना उजाडायच्या आत नदीकडं जावं लागे, वाटेत कारखान्याचे रात्रपाळीचे पहारेकरी भेटत. वस्तीत असताना असलं काही तिला कधी सोसावं लागलं नव्हतं. पण साडेदहाला शाळेची घंटा व्हायची आणि ती पडवीपर्यंत ऐकू यायची. घंटा झाली की शालन हातातलं काम क्षणभर थांबवायची.

इंदी पहिल्या पंधरवड्यात वर्गात शेवटच्या रांगेत बसायची. पुढच्या मुलींच्या पायात चपला होत्या. एकीनं तिच्या परकराला चुलीच्या धुराचा वास येतो म्हणून दप्तर बाजूला सरकवलं. इंदीनं घरी येऊन ते सांगितलं नाही, नदीवर जाऊन परकर दोनदा धुतला. श्रावणात मास्तरांनी तिला पुढं आणून बसवलं. संध्याकाळी ती आजीपाशी बसून धडा म्हणायची. अंबुबाई मान हलवत ऐकायची आणि मध्येच विचारायची, "मग त्या राजाचं काय झालं पुढं?"

"आजे, हा भूगोल हाय. यात राजा न्हाई."

"मग काय हाय?"

"नद्या हायत. डोंगर हायत. आपली भीमा समुद्राला जाती, कृष्णेतनं."

"जाऊ दे बाई. आपल्याला कुठं जायचंय?"

भिमाजी भिंतीला टेकून ऐकत असायचा. एकदा तो शालनला हळूच म्हणाला, "आपली पोर बोलती कशी बघ. मामलेदारागत." त्या दिवशी त्यानं कुदळीचे फोड आलेले हात खोबरेल लावायला पुढं केले, एरवी तो लावून घ्यायचा नाही. घटक चाचणीत इंदी तिसरी आली.

*

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी दगडाची ढकलगाडी फळीवरून घसरली आणि भिमाजीच्या उजव्या पायावर आली. तीन बोटं चेंगरली. दवाखान्यात पट्टी बांधली. मुकादम स्वतः पडवीपर्यंत आला, दारातूनच म्हणाला, "चालायला लागलास की ये. तोवर तुझी जागा कुणाला तरी द्यावी लागंल."

"मी येते," शालन म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती भिमाजीच्या जागी खडी वाहू लागली. डोक्यावर चुंबळ, त्यावर घमेलं, फळीवरून पायाच्या खड्ड्यात खाली आणि परत वर. संध्याकाळी मान वळत नसे. इंदी सकाळी पाणी भरून, भाकरी करून शाळेत जाई. दत्तूला सांभाळायला अंबुबाई होती आणि भिमाजी होता, पण भिमाजीचा पाय पिकला होता. त्याला ताप भरायचा आणि पाय वाशाला बांधलेल्या फडक्यात टांगून तो पडून असायचा.

पाचव्या दिवशी दत्तू रांगत पडवीबाहेर गेला. अंबुबाई त्याच्यापाशीच बसलेली होती, तिला तो मांडीजवळच आहे असं वाटत होतं. भिमाजीला दिसलं. "आये, धर! पोराला धर!" तो ओरडला. म्हातारीनं हात पसरून चारी बाजूंना चाचपलं. भिमाजीनं पाय फडक्यातून ओढून काढला आणि जमिनीवरून सरपटत निघाला. तो दारात पोचला तेव्हा दत्तूचा हात चुलीतल्या निखाऱ्यांत होता.

शालन संध्याकाळी आली. पोराच्या तळहाताला कौशल्याबाईंनी कसलंसं तेल लावून फडकं गुंडाळलं होतं. अंबुबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती, जेवली नव्हती. भिमाजीच्या पट्टीतून रक्त येऊन वाळलं होतं.

रात्री शालननं इंदीला जवळ घेतलं. "उद्यापास्नं चार दिवस शाळंला जाऊ नगंस. तुझ्या बाचा पाय धड होस्तवर."

"चारच दिवस?"

"चारच."

इंदीनं विश्वास ठेवला. ती दत्तूला कडेवर घेऊन काम करायची आणि दुपारी पुस्तक उघडायची. शेजारच्या, तिच्याच वर्गातल्या मुलीकडून तिनं दोन वेळा धडा कुठवर आला ते विचारून घेतलं. चार दिवसांचे दहा झाले, मग दिवाळीची सुटी आली. सुटी संपली तरी भिमाजीचा पाय जमिनीला टेकत नव्हता. शाळेची घंटा व्हायची तेव्हा इंदी आडावर असायची, आणि शालन कामावर, खडीच्या आवाजात. इंदीनं पुन्हा काही विचारलं नाही. हेडमास्तरांनी एका मुलाबरोबर दोनदा निरोप पाठवला. निरोप शालनला मिळाला, पण जाऊन सांगायचं काय, हे तिला कळेना.

मार्गशीर्षात ती गेली. कामावरून तशीच, केसांत खडीची धूळ घेऊन. ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"आत या," हेडमास्तर म्हणाले.

"न्हाई, पाय घान हायत."

त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलं, तिला वाचता येत नाही हे लक्षात येऊन परत मिटलं. "बाई, मी खूप थांबलो. नियमाच्या बाहेर थांबलो. नाव कमी झालं पटावरून."

"पुन्हा घालता न्हाई येत?"

"आता नाही. वर्षाचा निम्मा अभ्यास गेला. जूनमध्ये परत पाचवीत घेतो. मी स्वतः घेतो, शब्द देतो. फक्त तोवर गाव सोडू नका."

शालन मान हलवून निघाली. गेटपाशी ती थोडी थांबली. सातवीच्या मुली कविता म्हणत होत्या. शब्द तिला कळले नाहीत, पण त्यातला एक आवाज इंदीच्या आवाजासारखा होता, म्हणून ती कविता संपेपर्यंत उभी राहिली.

*

पौषाच्या सुरुवातीला कौशल्याबाईंनी तिला आत बोलावलं. हे पहिल्यांदाच झालं. शालन स्वयंपाकघराच्या दारात बसली.

"हे बघ शालन, कारखान्यावर कारकून मंडळी यायला लागलीत. पडवीला भिंत घालून खोली काढून द्या म्हणतात. ते देतात ते भाडं तुम्हाला झेपायचं नाही. संक्रांतीपर्यंत बघा कुठंतरी."

शालननं जमिनीवरचा एक तांदळाचा दाणा नखानं उचलला. "माळावर जाऊ. आमचं लाकूड हाय तिथं."

"आणि पोर?"

शालन तो दाणा बोटांत फिरवत राहिली.

"मी सांगू? इंदीला माझ्याकडं ठेव. धुणं, भांडी, पाणी, एवढंच. खाईल, राहील, जूनमध्ये शाळेत जाईल. मला काही तिच्याशी वैर नाही. चलाख आहे पोर, मलाही सोबत होईल."

"काम सोडून शाळंला धाडाल?"

"काम उरकून," कौशल्याबाई म्हणाल्या. "सकाळी लवकर उठली तर सगळं होतं."

शालननं ते भिमाजीला सांगितलं. तो आता काठी घेऊन अंगणापर्यंत जाऊ लागला होता, पण उजव्या पायावर जोर घेता येत नव्हता आणि पुढं येईल असं दवाखान्यातल्यांनाही वाटत नव्हतं. त्यानं लगेच मान डोलावली. "ठेवू. दुसऱ्याची भांडी घासली म्हनून काय झालं? सातवी झाली तर मास्तरीन हुईल. माळावर काय हाय तिला?"

इंदी पाण्याचा हंडा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हंडा खाली ठेवून ती म्हणाली, "आय, मी ऱ्हाते."

"तुला कळतंय का काय बोलतीस ते?"

"कळतंय. मी चारला उठीन. मला येतं सगळं काम. तुमी कवातरी भेटाया या." मग ती जरा थांबून म्हणाली, "न्हाई आला तरी चालंल."

शालन दोन दिवस विचार करत राहिली. घमेलं डोक्यावर घेताना तोच विचार, खाली टाकताना तोच. हेडमास्तरांचा शब्द होता. डोक्यावर छप्पर होतं. भाकरी होती. पोर तयार होती. तिच्या वयात शालनचं लग्न ठरलं होतं, आणि इथं पोरीला पुस्तक मिळत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं ठरवलं की ठेवायचं, आणि कामावरून येताना कौशल्याबाईंना तसं सांगायला ती मागच्या दारानं अंगणात आली.

इंदी आडावर पाणी शेंदत होती. दोरी ओढताना तिचं पदरासारखं बांधलेलं जुनं फडकं सुटून खांद्यावरून घसरलं होतं आणि हात गुंतल्यानं तिला ते सावरता येत नव्हतं. आरामखुर्चीत मारुतराव बसला होता. हातात वर्तमानपत्र होतं, पण ते गुडघ्यावर होतं. तो इंदीकडं बघत होता. पोरीला काहीच माहीत नव्हतं. ती तोंडानं पाढा म्हणत होती आणि दोरी ओढत होती. मारुतराव हसून म्हणाला, "मोठी झालीस की गं एका पावसाळ्यात." इंदी त्याच्याकडं बघून हसली, शाबासकी मिळाल्यासारखी.

शालन पुढं गेली. तिनं दोरी इंदीच्या हातातून घेतली आणि पोहरा स्वतः वर ओढला. "आत जा."

"भरतीया मी."

"आत जा म्हनते ना."

त्या रात्री तिनं भिमाजीला सांगितलं, "पोरगी आपल्यासंगं येनार."

"का? ठेवायचं म्हनत हुतो की..."

"येनार म्हनलं ना."

"काय झालं? कुनी काय बोललं का?"

शालननं कारण सांगितलं नाही. काही झालंच नव्हतं. एक माणूस बघत होता आणि एक वाक्य बोलला होता. ते सांगितलं असतं तर लंगडा नवरा काठी घेऊन अंगणात गेला असता, किंवा गेला नसता. दोन्हीतलं काहीच तिला बघायचं नव्हतं. आणि पोरीला ते सांगायचं म्हणजे कशा शब्दांत, हे तिला येत नव्हतं.

गाडी यायच्या दिवशी इंदी सकाळपासून रडत होती. आवाज न करता, काम करता करता. सामान बांधायच्या वेळी ती आईसमोर येऊन उभी राहिली. "तूच आनलंस मला हितं. मी म्हनले नव्हते. आता तूच नेतीस."

शालननं गाठोड्याची गाठ मारली.

"माझं काय चुकलं ते तरी सांग."

"तुझं काय न्हाई चुकलं."

"मग?"

"गाडी आलीया," शालन म्हणाली.

यशवंतरावांनी गाडी स्वतः आणली होती. बैल त्यांचे नव्हते, भिमाजीचेच होते. अंबुबाईला उचलून गाडीत बसवलं, दत्तूला तिच्या मांडीवर दिलं. नदी उतरताना पाणी चाकाच्या आऱ्यांपर्यंत आलं. यशवंतराव पुढं बघत एवढंच म्हणाले, "वासे चांगले हायत. दोन कुजलं, बाकी चांगले हायत." कुणाला त्यांनी मागचं काही विचारलं नाही. इंदी गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसली होती. दप्तर तिनं पोटाशी धरलं होतं आणि तोंड चिंचवडच्या दिशेला होतं.

*

महिना घर उभं करण्यात गेला. भिंती दगड-मातीच्या, शालननं आणि इंदीनं माती मळली. आढं चढवायला भाऊकी आली. कौलं निम्म्या घराला पुरली, उरलेल्या निम्म्यावर गवत शाकारलं. भिमाजी बसून जे जे करता येईल ते करायचा: गवताचे पेंढे बांधायचा, सुंभ वळायचा. अंबुबाई पहिल्या दिवशी हात उंच करून आत आली, छप्पर हाताला लागलं नाही तेव्हा तिनं सुस्कारा सोडला. घरात जागा होती. उभं राहता येत होतं. पहाटे बायकांना कुणी वाटेत भेटत नव्हतं.

इंदी सांगितलेलं काम करायची. विचारलं तर उत्तर द्यायची, "व्हय" किंवा "न्हाई". आजीनं एकदा म्हटलं, "ते नद्यांचं म्हन की गं." इंदी म्हणाली, "इसरले." पुस्तकं तिनं फडक्यात बांधून फळीवर टाकली होती. शालन रात्री पडल्या पडल्या तोच हिशेब पुन्हा मांडायची. माणूस नुसता बघत होता. कदाचित नुसता बघतच राहिला असता. कौशल्याबाई घरात होत्या. जून पाच महिन्यांवर होता. पोरीचं जे गेलं ते नक्की गेलं होतं, आणि जे वाचवलं ते होणारच होतं का, हे तिला कधीच कळणार नव्हतं. मग ती कूस बदलायची आणि इंदीच्या पाठीकडं बघत राहायची.

फाल्गुनाच्या एका बुधवारी शालननं इंदीचे केस विंचरले, फळीवरचं बोचकं काढलं आणि म्हणाली, "चल."

"कुठं?"

"चल म्हनते."

भैरोबाच्या ओवरीत त्या दिवशी मास्तर होते. अर्जुनराव नाव त्यांचं, साठीला टेकलेले, दमेकरी. बाजूच्या तीन वस्त्यांवरच्या शाळा त्यांच्याच गळ्यात होत्या, म्हणून एका ठिकाणी ते आठवड्यातून दोनच दिवस यायचे. पंचवीस-तीस पोरं दाटीनं बसली होती. शेळ्या बाहेर बांधल्या होत्या.

"मास्तर, हिला बसवून घ्या."

अर्जुनरावांनी इंदीकडं बघितलं. "कितवीत आहे?"

"चौथी पास हाय. पहिल्या नंबरानं. पाचवीत निम्मं वरीस काढलंय चिंचवडला."

"मग इथं काय करायचंय तिला?" मास्तर खोकले, पाणी प्यायले. "इथं चौथीपर्यंतच आहे बाई."

"चौथीत बसवा."

ओवरीतली चौथीची पोरं हसली. सगळी आठ-नऊ वर्षांची होती. इंदीनं मान खाली घातली, तिचे कान लाल झाले.

"अहो, जे झालंय तेच पुन्हा शिकून काय उपयोग? नाव कसं घालू मी हिचं? वर साहेब विचारतील."

"नाव घालू नगा. नुसती बसू द्या. तुमी नसाल त्या दिवशी ही पोरांचा धडा घील. फळा पुशील. काय सांगाल ते करील. पन बसू द्या."

"आई, चल घरी," इंदी हळूच म्हणाली. चिंचवडच्या शाळेत शिकलेलं 'आई' तिच्या तोंडून नकळत आलं. कितीतरी दिवसांनी ती आपण होऊन बोलली होती.

शालननं तिचा दंड सोडला नाही.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "आणि असं किती दिवस बसवणार आहात तिला चौथीत?"

"तुमी पाचवी काढस्तवर," शालन म्हणाली.

अर्जुनरावांनी चष्मा परत चढवला. मग त्यांनी चौथीच्या रांगेतल्या पोरांना हातानं सरकायला सांगितलं. भिंतीकडेला वीतभर जागा झाली. इंदी उभीच होती. शालननं तिच्या पाठीला हात लावला, ढकलला नाही, नुसता लावला. थोड्या वेळानं इंदी गेली आणि बसली. मांडी घालायला जागा नव्हती म्हणून गुडघे वर घेऊन बसली. शेजारच्या पोरांपेक्षा ती डोक्यानं वर दिसत होती. तिनं आईकडं बघितलं नाही.

मास्तरांनी पुस्तक उघडायला सांगितलं. शालन ओवरीतून उतरली, चप्पल नसलेले पाय तापल्या फरशीवरून भराभरा उचलत देवळाबाहेर आली आणि माळाकडं चालू लागली. रानातले दगड वेचायचे राहिले होते.